रहस्यकथामाला लिहूं पाहणाराचे मनोरथ

एखादा निवृत्त प्राथमिक शिक्षक नभोवाणीवर बोलावयास आला म्हणजे तो शुद्धलेखन, सदाचरण किंवा परीक्षेची तयारी यांपैकीं कांहीं तरी सांगणार, अशी आपली अपेक्षा असावयाची. आणि ती गैरवाजवीहि नाहीं. परंतु आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, त्या विषयाचीं पुस्तकें मी स्वतः कित्येक वर्षें मुलांच्या दप्तरांतून काढून घेत आलों. तो विषय म्हणजे रहस्यकथा; आणि त्यांतहि एकामागून एक अशा भागांनीं चालणारी रहस्यकथामाला. अशी माला लिहावयास जो प्रथमच बसतो, त्याच्या मनांत कोणत्या आशा असतात, कोणत्या चिंता त्याला छळतात, आणि त्या चिंतांना थोरामोठ्यांच्या अनुभवांत कांहीं उत्तर सांपडतें कीं काय, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

हें सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला, असें आपण विचाराल. उत्तर सरळ आहे. मी मुदखेडचा राहणारा. वय वर्षें ६७. शिक्षण जुन्या अकरावीचें मॅट्रिक, आणि त्यावर मास्तरकीला लागतें तेवढें प्रशिक्षण. गेलीं पांच वर्षें मी एक रहस्यकथामाला लिहीत आहें. पांच भागांची योजना आहे. पहिला भाग लिहून झाला आहे, दुसरा अर्ध्यावर अडला आहे, आणि उरलेले तीन अद्याप डोक्यांतच आहेत. छापून एकहि ओळ आलेली नाहीं. म्हणजे मी लेखक नव्हे, उमेदवार आहें. यशस्वी मनुष्य आपल्या यशाची वाट सांगतो खरा, पण त्या वाटेंत पायांत मोडलेले कांटे तो बहुधा विसरून गेलेला असतो. माझे कांटे अजून पायांतच आहेत. तेव्हां ते कोठें बोचतात, हें मी बरोबर सांगूं शकेन.

या उद्योगाचें मूळ एका अपराधांत आहे, तो आधींच कबूल करतों. सुमारें ४० वर्षांपूर्वींची गोष्ट. सातवीचा वर्ग, दुपारची वेळ, इतिहासाचा तास. मागल्या बांकावरचा एक मुलगा पाठ्यपुस्तकाच्या आड दुसरेंच पुस्तक धरून वाचतांना मला दिसला. मीं तें ओढून घेतलें. पाहतों तों खिशांत मावेल एवढी रहस्यकथा, भाड्यानें पुस्तकें देणाऱ्या दुकानांतली. मीं ती वर्गापुढें उंच धरली, असल्या वाचनानें मनुष्य कसा वायां जातो यावर लहानसें व्याख्यान दिलें, आणि पुस्तक जप्त केलें. मुलगा रडला नाहीं. "गुरुजी, शेवट तेवढा राहिला होता," एवढेंच म्हणाला.

त्या रात्रीं कंदिलाच्या उजेडांत तें पुस्तक मीं स्वतः उघडलें, आणि पहांटेपर्यंत तें माझ्यानें खालीं ठेववलें नाहीं. अखेरीस पाहतों तों शेवटचीं चार पानें कोणी तरी फाडून नेलेलीं! खुनी कोण, हें कळेना. मुलाला विचारण्याची सोय नव्हती; त्याच्यापुढें तर आदल्याच दिवशीं मीं व्याख्यान झोडलें होतें. पुढले आठ दिवस शाळेंत सायकलवरून जातां-येतां मी मनाशींच शेवट जुळवीत राहिलों. एक नव्हे, तीन निरनिराळे शेवट जुळविले; आणि त्या तिहींपैकीं एक मला इतका पसंत पडला कीं, त्याला साजेसा आरंभ आपणच लिहावा, असें वाटूं लागलें. तें बीं नोकरीच्या काळांत तसेंच पडून राहिलें, आणि निवृत्तीनंतर उगवलें.

आतां मूळ विषयाकडे वळूं. रहस्यकथा ही इंग्रजांनीं येथें आणली, असें सर्रास म्हणतात. तें अर्धेंच खरें आहे. आपल्या वेताळपंचविशीकडे पहा. राजा विक्रम तोच, खांद्यावरचें प्रेत तेंच, स्मशानाची वाट तीच. कथा मात्र प्रत्येक वेळीं नवी, आणि प्रत्येकीच्या शेवटीं एक कोडें. राजा कोडें सोडवितो, मौन मोडतें, आणि वेताळ पुनः झाडावर जाऊन लोंबकळतो. एक नायक, एक चौकट, आणि तिच्यांत बसविलेलीं २५ कोडीं, ही मालाच नव्हे तर काय? आमच्या गांवोगांवचे कीर्तनकारहि ही युक्ति पिढ्यान् पिढ्या वापरीत आले आहेत. आख्यान ऐन रंगांत आलें कीं बुवा थांबतात, टाळ-मृदंग वाजूं लागतात, आणि श्रोता जागचा हलत नाहीं. पुढें काय झालें, हें जाणून घेण्याची तहान मनुष्याच्या ठायीं उपजतच असते. ती कोणी बाहेरून आणावी लागत नाहीं.

इंग्रजी वाचनानें या तहानेला छापील घाट दिला, हें मात्र मान्य केलें पाहिजे. मराठींत १८५७ सालीं बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' निघालें, १८६१ सालीं लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' निघाली, आणि १८९० सालीं हरिभाऊ आपटे यांनीं 'करमणूक' पत्र काढलें, तेव्हां कादंबरीच्या पुढल्या प्रकरणासाठीं अंक येण्याची वाट पाहत बसण्याची संवय वाचकांना लागली. पुढें गोविंद नारायणशास्त्री दातार यांच्या 'कालिकामूर्ति'सारख्या कादंबऱ्यांनीं भुयारें, गुप्त खलबतें आणि वेषांतरें यांची गोडी लावली. नाथमाधवांनीं १९१३ सालीं 'वीरधवल' लिहिली. शिकारीच्या नादांत सिंहगडाच्या कड्यावरून पडून हे नाथमाधव कमरेखालीं लुळे झाले होते, आणि तशा स्थितींत त्यांनीं आपलें बहुतेक लेखन केलें, ही गोष्ट मी दुसरा भाग अडला म्हणजे स्वतःस मुद्दाम आठवून देतों.

त्यानंतर आलें तें चंद्रकांत सखाराम चव्हाण यांचें युग. हें नांव आपणांपैकीं पुष्कळांना अपरिचित वाटेल. परंतु बाबूराव अर्नाळकर म्हटलें कीं लगेच ओळख पटेल. १९०६ सालीं जन्मलेल्या आणि १९९६ सालीं निवर्तलेल्या या गृहस्थांच्या नांवावर हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत. झुंझार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा सोबती छोटू, हीं त्यांचीं पात्रें एके काळीं घरच्या माणसांसारखीं ओळखीचीं होतीं. आतां मी मास्तर असल्यामुळें आंकडा दिसला कीं हिशेब करतों. १००० पुस्तकें ४० वर्षांत लिहावयाचीं म्हटलीं तर वर्षाला २५ पडतात, म्हणजे महिन्याला दोन. मला एका पुस्तकाला तीन वर्षें लागलीं. हा हिशेब पाटीवर मांडून झाल्यावर दोन दिवस मीं लेखणी हातीं धरली नाहीं.

अर्नाळकरांनंतर गुरुनाथ नाईक आले. त्यांनींहि हजारावर कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांचा कॅप्टन दीप तरुणांच्या तोंडीं झाला. ते २०२१ सालीं वारले. नारायण धारपांनीं भयकथेचें स्वतंत्र दालन उघडलें. सुहास शिरवळकरांनीं अमर विश्वास हा वकील, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि दारा बुलंद असे निरनिराळ्या प्रकृतीचे नायक निर्माण केले, आणि त्याच लेखणीनें १९८२ सालीं 'दुनियादारी' ही सर्वस्वीं वेगळी कादंबरी लिहिली. हा शेवटचा दाखला मला फार धीर देतो. रहस्यकथा लिहिणाराचा हात दुसऱ्या कामाला निकामी होतो, या समजुतीला तें उत्तर आहे.

आमच्या मराठवाड्याला या कथांचा आणखी एक झरा मिळाला, तो उर्दूचा. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि शाळा-कचेऱ्यांतून उर्दू चालत असे. त्यामुळें आमच्या वडील पिढीला ती भाषा सहज वाचतां येई. अलाहाबादेहून १९५२ सालीं इब्ने सफी यांची 'जासूसी दुनिया' निघूं लागली. ते लौकरच कराचीस गेले. पण कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद यांच्या हकीकती सीमेच्या दोन्ही बाजूंस वाचल्या जात राहिल्या. १९५५ पासून त्यांनीं इमरान नांवाच्या नायकाची दुसरी माला आरंभिली. दोहों मालांचीं मिळून सुमारें अडीचशें पुस्तकें झालीं.

एवढा इतिहास सांगितला तो अशासाठीं कीं, नवशिक्याच्या आशेचा उगम आपल्या ध्यानांत यावा. त्याची पहिली आशा धनाची नसते, कीर्तीचीहि नसते. कोणी एक अनोळखी मनुष्य आपलें पुस्तक हातीं घेईल, आणि त्याचें जेवण निवेल, गाडी चुकेल, दिवा मालवावयाचा राहून जाईल, ही त्याची आशा असते. मुदखेड हें जंक्शन आहे. मनमाडहून काचीगुड्याकडे जाणाऱ्या मार्गावर येथूनच आदिलाबादचा फांटा फुटतो. गाडी बदलणारे उतारू फलाटावर तासन् तास बसलेले असतात. शेजारीं आमच्याकडील मळ्यांतल्या फुलांच्या टोपल्या, कोणाचे ट्रंक, कोणाचीं गांठोडीं. त्या बांकांवर बसलेला एखादा मनुष्य माझें पुस्तक वाचीत आहे, असें चित्र मीं कितीदां डोळ्यांपुढें आणलें असेल, हें सांगावयास संकोच वाटतो.

मालेची आशा याहून एक पायरी वरची असते. एका पुस्तकानें वाचकाची ओळख होते, मालेनें त्याच्याशीं घरोबा जुळतो. नायकाच्या बोलण्याची ढब, त्याची टोपी, त्याचा चहा, त्याचा विसराळूपणा हें सारें वाचकाला ठाऊक झालें म्हणजे लेखकाला प्रत्येक वेळीं नव्यानें घर बांधावें लागत नाहीं. वाचक आपण होऊन ओसरीवर येऊन बसतो. हा मालेचा लाभ. पण याच लाभाच्या पोटीं मालेच्या साऱ्या चिंता जन्मतात. त्या आतां क्रमानें सांगतों.

पहिली चिंता रचनेची. इतर कथा लेखक आरंभापासून शेवटाकडे लिहितो. रहस्यकथा त्याला शेवटापासून आरंभाकडे रचावी लागते. गुन्हा कोणी केला, कां केला, कसा केला, हें त्याला आधीं पक्कें ठाऊक पाहिजे. मग त्या घटनेच्या खुणा तो मागें मागें येत कथेंत पेरतो, आणि वाचक त्याच खुणा वेंचीत उलट दिशेनें पुढें जातो. खुणा फार उघड्या टाकल्या तर रहस्य फुटतें. फार झांकल्या तर शेवटीं वाचकाला फसविल्यासारखें वाटतें. १९२९ सालीं रोनाल्ड नॉक्स नांवाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकानें या खेळाचे दहा नियम घालून दिले. गुन्हेगार कथेच्या आरंभींच्या भागांत येऊन गेलेला असावा, आणि शोधकाला सांपडलेली खूण वाचकापासून लपवूं नये, अशा अर्थाचे नियम त्यांत आहेत. मला हे नियम परीक्षेसारखे वाटतात. प्रश्न कठीण असावा, पण तो शिकविलेल्या धड्यांतलाच असावा. धड्याबाहेरचा प्रश्न घालून मुलांना नापास करणारा मास्तर आणि शेवटच्या पानावर नवाच गुन्हेगार आणणारा लेखक, हे दोघेहि सारखेच अप्रामाणिक.

याच ठिकाणीं रहस्य आणि थरार यांतला भेद सांगितला पाहिजे. फलाटावर एक ट्रंक बेवारशी पडला आहे आणि त्यांत काय आहे हें वाचकाला ठाऊक नाहीं, हें झालें रहस्य. त्यांत काय आहे हें वाचकाला ठाऊक आहे, पण त्यावर बसून भाकरी खाणाऱ्या उतारूला मात्र ठाऊक नाहीं, हा झाला थरार. पहिल्यांत वाचक विचार करतो, दुसऱ्यांत त्याचा जीव टांगणीला लागतो. चांगल्या कथेला दोहोंची गरज असते. पण नुसत्या रहस्याला शेवटपर्यंत थांबावें लागतें, थरार मात्र दर प्रकरणीं कामास येतो. मीं पहिल्या मसुद्यांत सारें रहस्यच भरलें होतें, म्हणून तो मसुदा शब्दकोड्यासारखा झाला होता.

दुसरी चिंता काळाची. आजच्या काळांत कथा घातली तर मोबाइल फोन आणि फलाटावरचा कॅमेरा लेखकाच्या मुळावर येतो. जुन्या कथेंत नायक धोक्याची सूचना द्यावयाला रात्रभर घोडा दौडवीत असे. आतां खिशांतला फोन काढला कीं काम झालें, आणि कथा संपली. यावर दोन उपाय आहेत. एक, नव्या साधनांचाच कथेंत उपयोग करून घ्यावा; परंतु त्यासाठीं तीं साधनें नीट ठाऊक असावीं लागतात. दुसरा, कथा मागल्या काळांत न्यावी. मीं दुसरा पत्करला. माझी माला १९७२ च्या दुष्काळांत घडते. त्या वेळीं मी चौदा वर्षांचा होतों. रोजगार हमीच्या नांवानें पुढें प्रसिद्ध झालेल्या कामांची सुरुवात त्या दिवसांत झाली. खडी फोडणारीं माणसें, मुलांना वांटली जाणारी सुकडी, आणि मीटर गेजच्या गाडीनें येणारें धान्य हें सारें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. माझ्या कथेंत चोरी होते ती हिऱ्यामोत्यांची नव्हे, धान्याच्या पोत्यांची. भुकेच्या वर्षीं पोतें चोरणें हें हिरा चोरण्याहून घोर आहे, असें मला वाटतें. आणि चोराचा शोध लागावा अशी तळमळ वाचकाला लावण्यास तेवढें कारण पुरेसें आहे.

तिसरी चिंता नायकाच्या वयाची. ही हास्यास्पद वाटेल, पण खरी आहे. अगाथा ख्रिस्तीबाईंनीं १९२० सालीं आपल्या पहिल्या कादंबरींत हर्क्यूल पायरो हा शोधक आणला, तो आधींच निवृत्त झालेला बेल्जियन पोलीस अधिकारी. तें पुस्तक कित्येक प्रकाशकांनीं परत केलेलें होतें. त्यामुळें तो पुढें अर्धें शतक चालेल, हें बाईंच्या स्वप्नांतहि नव्हतें. त्याला आरंभीं इतका वयस्क केला ही चूक झाली, असें त्यांनीं पुढें स्वतःच लिहून ठेवलें आहे. मीं हें वाचलें तेव्हां माझा नायक, पार्सल कचेरींतला एक कारकून, पहिल्याच भागांत साठीला पोहोंचलेला होता! मीं त्याला एका रात्रींत तिशीवर आणला. पुस्तकांत हें करतां येतें, एवढें तरी सुख आहे.

चौथी चिंता स्मरणाची. पहिल्या भागांत नायकाला दोन बहिणी आणि तिसऱ्यांत तीन, असें झालें कीं चाणाक्ष वाचक पत्र लिहितो. मोठ्यांच्याहि हातून हें घडलें आहे. शेरलॉक होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन याला १८८७ च्या पहिल्या कथेंत गोळी लागली ती खांद्याला. १८९० च्या दुसऱ्या कथेंत तीच जखम पायाला आली. यावर उपाय एकच, आणि तो मास्तराला सुचण्यासारखा आहे: हजेरीपट ठेवावा. मीं एका वहींत प्रत्येक पात्राचें नांव, वय, गांव, नातीं, संवयी आणि कोणत्या भागांत कोठें होता, हें मांडून ठेवलें आहे. दुष्काळांत कोणत्या विहिरीला पाणी होतें आणि कोणत्या नव्हतें, हेंहि त्यांत आहे.

पांचवी चिंता नायकाच्या ओझ्याची. कॉनन डॉइलला होम्सच्या पहिल्या कथेचे सर्व हक्क मिळून अवघे २५ पौंड मिळाले. पुढें होम्स इतका लोकप्रिय झाला कीं डॉइलला दुसरें कांहीं लिहूं देईना. तेव्हां १८९३ सालीं त्यानें त्याला धबधब्याच्या दरींत लोटून दिलें. वाचकांनीं एवढा आकांत मांडला कीं, १९०३ सालीं डॉइलला त्याला जिवंत करून परत आणावें लागलें. ख्रिस्तीबाईंनीं अधिक शहाणपण केलें. पायरोची अखेरची कथा त्यांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळींच लिहून कुलुपांत ठेवली, आणि ती १९७५ सालीं बाहेर काढली. मालेचा शेवट शक्ति आहे तोंवर लिहून ठेवावा, हा धडा मीं त्यावरून घेतला. पांचव्या भागाचें शेवटचें प्रकरण माझ्याजवळ तयार आहे.

सहावी चिंता खंडाची. प्रकृति बिघडली, लेखणी थांबली, तर माला मेली म्हणावयाची काय? माझ्या उजव्या डोळ्याचें मोतीबिंदूचें काम झालें आहे, डावा वाट पाहत आहे. म्हणून ही चिंता मला विशेष. इब्ने सफींना १९६० ते १९६३ पर्यंत मनाच्या दुखण्यानें लेखणी हातीं धरवली नाहीं. बरे होऊन ते परतले, तेव्हां वाचक तिष्ठतच होते. बंगालींतील शरदिंदु बंद्योपाध्याय यांनीं १९३२ सालीं व्योमकेश बक्षी निर्माण केला, मध्यें सुमारें १५ वर्षें त्याला विसरले, आणि पुनः हातीं घेतला. तेव्हां खंड पडणें म्हणजे मरण नव्हे. वेताळ झाडावर परत गेला तरी विक्रमानें हट्ट सोडला नाहीं, हेंच खरें.

शेवटची आणि सर्वांत जुनी चिंता लोक काय म्हणतील ही. नांदेड म्हणजे नरहर कुरुंदकर गुरुजींचें गांव. त्यांच्यासारख्या विद्वानाच्या पंचक्रोशींत चोर-पोलिसांची गोष्ट लिहावयाची, म्हणजे देवळांत शीळ घालण्यासारखें वाटतें. त्यांतून मी शिक्षक. ज्यांना मीं रांगेंत उभें केलें, तेच उद्यां म्हणतील, गुरुजींना म्हातारपणीं हें काय सुचलें? घरांतून तर टीका चालूच आहे. "गांवभरच्या चोऱ्या शोधतां, अन् स्वतःचा चष्मा कपाळावर आहे तो सांपडत नाही," असें सौभाग्यवती म्हणतात. यावर माझें उत्तर असें. करमणूक हलकी असते ती विषयामुळें नव्हे, निष्काळजीपणामुळें. अर्नाळकरांच्या छोट्या पुस्तकांनीं कितीकांना वाचनाची गोडी लावली, याची मोजदाद कोणीं ठेवली नाहीं. पण पुस्तक हातीं धरावयास शिकलेला मनुष्य पुढें दुसरें पुस्तकहि धरतो, हें मीं वर्गांत पाहिलेलें आहे. तें पाहूनहि मीं पुस्तकें जप्त केलीं, हा दोष माझा.

त्या दोषाचा उलगडा मागल्या पावसाळ्यांत झाला. पहिला भाग पुरा झाल्यावर तो कोणास वाचावयास द्यावा, हा प्रश्न पडला. स्नेही भीडेखातर बरें म्हणतात. घरचीं माणसें कंटाळलेलीं असतात. मला तो सातवींतला मुलगा आठवला. आज तो पन्नाशी ओलांडलेला, रेल्वेंत नोकरीस आहे. मीं हस्तलिखित त्याच्या घरीं नेऊन दिलें. आणि पेटींत इतकीं वर्षें जपून ठेवलेलें तें जप्त पुस्तकहि बरोबर नेलें. त्यानें तें उलटून पालटून पाहिलें आणि हंसून म्हणाला, "गुरुजी, ह्याच्यापायी मी पंधरा दिवस त्या दुकानाची झाडलोट केली." मीं मान खालीं घातली. मला कांहीं बोलतां येईना.

आठ दिवसांनीं तो हस्तलिखित घेऊन आला. बसला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "राग येऊ देऊ नका गुरुजी, पण चोर मला चाळिसाव्या पानालाच घावला." मीं विचारलें, कसा? "बाकीच्या माणसांची तुम्ही दोन ओळींत बोळवण केली. ह्या एकाच्या चपला, घड्याळ, दाताची फट, सगळं लिहिलं. मग तोच असणार की! अन् आणखी एक. पार्सल सुटताना सही कुणाची लागते ते तुम्ही चुकीचं लिहिलंय."

श्रोतेहो, माझीं तीन वर्षें त्या चार वाक्यांत कोसळलीं. तो गेल्यावर मीं वही मिटली, आणि दोन दिवस तिच्याकडे पाहिलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं मात्र एक गोष्ट ध्यानांत आली. त्यानें चोर कोण हें ओळखलें, तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचलें होतें. सहीची चूक तर शेवटून दुसऱ्या प्रकरणांत होती. पोतीं ज्या वस्तीवर पोहोंचावयाचीं होतीं, ती वस्ती वांचते कीं नाहीं, हें पाहावयाला तो थांबला होता. म्हणजे माझें रहस्य कच्चें होतें, पण थरार टिकला होता. आणि रहस्याला उपाय आहे. वर्णनाचें माप सर्वांस सारखें द्यावें. ज्याच्याविषयीं सर्वांत अधिक लपवावयाचें, त्याच्याविषयीं सर्वांत साधें बोलावें. हें सूत्र मला कोणत्याहि पुस्तकांत मिळालें नव्हतें. तें मला माझ्या विद्यार्थ्यानें दिलें.

तेव्हां दुसरा भाग बाजूला ठेवून मीं पहिला पुनः लिहावयास घेतला आहे. आपणांपैकीं कोणी अशीच माला मनांत धरून बसला असेल, तर त्याला माझें सांगणें एवढेंच कीं, पांचव्या पुस्तकाच्या चिंतेनें पहिलें पुस्तक अर्धवट सोडूं नये. पात्रांचा हजेरीपट ठेवावा. शेवट आधीं ठरवावा. आणि लिहून झाल्यावर तें अशा मनुष्यास वाचावयास द्यावें, ज्याला आपल्याला खूष करण्याचें कांहीं कारण नाहीं.

राहतां राहिली त्या फाटक्या पुस्तकाची गोष्ट. निघतांना मीं माझ्या विद्यार्थ्याला धीर करून विचारलें, "अरे, त्या पुस्तकांत खुनी कोण होता, तें तुला पुढें कधीं कळलें काय?" तो म्हणाला, "कळलं ना, दुसरी प्रत मिळाली होती मला." मीं म्हटलें, "मग सांग कीं." त्यानें चप्पल पायांत घातली, दाराशीं थांबला आणि म्हणाला, "सांगतो गुरुजी. पण आधी तुमचं पुस्तक पुरं होऊ द्या."

मला तें अद्याप कळलेलें नाहीं. म्हणून मी रोज सकाळीं लिहावयास बसतों.